मँचेस्टर : कापसाची पेठ, फुटबॉलचे माहेर

व्यापारी घरातील कुटुंब परदेशी शहरात उतरले, की दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांचे पाय बाजारपेठेकडे वळतात, तर नातवंडांना फुटबॉलचे मैदान पाहावयाचे असते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे या दोन्ही पक्षांची वाट एकच होते. तेथील पेठ आणि तेथील फुटबॉल ही दोन्ही कापसाच्या धंद्याच्या आश्रयाने वाढली. धंदा गेला, त्याने शहराला दिलेले मात्र राहिले. दोन दिवसांच्या मुक्कामात हा हिशेब प्रत्यक्ष पाहता येतो.

पहिल्या दिवसाचा आरंभ रॉयल एक्स्चेंजपासून करावा. या विशाल दालनात सूत व कापड यांचे सौदे होत असत. १९६८ साली ते कायमचे थांबले. अखेरच्या दिवसाचे भाव दाखविणारा फलक आजही उंचावर तसाच आहे आणि त्याच दालनात १९७६ पासून नाट्यगृह चालते. मुंबईच्या माणसाने त्या फलकाखाली क्षणभर थांबावे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले. त्या तेजीत शेठ प्रेमचंद रायचंद यांनी अमाप संपत्ती मिळविली आणि १८६५ च्या मंदीत ती गमावलीही. परंतु मातोश्रींच्या नावे त्यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मुंबई विद्यापीठाच्या आवारात आजही उभा आहे.

तेथून काही पावलांवर कॉर्पोरेशन स्ट्रीट आहे. १५ जून १९९६ रोजी, शनिवारच्या ऐन खरेदीच्या वेळी, आयरिश रिपब्लिकन आर्मीने मालमोटारीत ठेवलेल्या बॉम्बचा येथे स्फोट झाला. पूर्वसूचना मिळाल्याने पोलिसांनी हजारो लोकांना बाहेर काढले होते. कोणी मृत्युमुखी पडले नाही, तथापि दोनशेहून अधिक लोक जखमी झाले. आर्नडेल हे मोठे व्यापारी संकुल, आसपासची दुकाने आणि रॉयल एक्स्चेंज यांची मोठी हानी झाली. दुसऱ्याच दिवशी युरोपीय स्पर्धेतील जर्मनी व रशिया यांचा सामना याच शहरातील ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ठरल्याप्रमाणे पार पडला. पेठेची पुनर्बांधणी काही वर्षांत झाली. स्फोटातून वाचलेली लाल टपालपेटी आजही त्या रस्त्यावर आहे.

या पुनर्बांधणीत उभ्या राहिलेल्या अर्बिस नावाच्या काचेच्या इमारतीत २०१२ पासून राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय आहे. खेळाचा इतिहास येथे क्रमाने समजतो आणि मुलांना चेंडू मारून पाहण्याची सोयही आहे. १८५० च्या कारखाना कायद्यामुळे कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबू लागले. पुढे ही अर्धी सुटी सर्वत्र पसरली आणि मोकळ्या दुपारी फुटबॉल रुजला. खेळाडूंना वेतन देणे १८८५ साली नियमात बसले, तेव्हा क्लबांपुढे नवा प्रश्न उभा राहिला : पगार निश्चित, पण उत्पन्न अनिश्चित. बर्मिंगहॅमचे कापड दुकानदार विल्यम मॅक्ग्रेगर यांनी त्यावर निश्चित वेळापत्रकाचा उपाय सुचविला. १८८८ साली मँचेस्टरच्या एका हॉटेलात बैठक भरली आणि बारा क्लबांची फुटबॉल लीग अस्तित्वात आली. त्यांपैकी सहा क्लब लँकेशायरचे होते.

संग्रहालयाच्या शेजारीच चेटम ग्रंथालय आहे. कापडाचे व्यापारी हम्फ्री चेटम यांच्या मृत्युपत्रानुसार १६५३ साली ते सर्वांसाठी स्थापन झाले. पुढे कार्ल मार्क्स यांनी येथे अभ्यास केला.

दुसरा दिवस मैदानांसाठी राखावा. शहराच्या पूर्वेचे एतिहाद मैदान २००२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी बांधले गेले. पुढील वर्षी मँचेस्टर सिटी तेथे आला, परंतु जागेची मालकी नगर परिषदेनेच राखली आहे. १८७८ साली रेल्वे कारखान्यातील कामगारांनी सुरू केलेल्या क्लबाचा पुढे मँचेस्टर युनायटेड झाला. त्याचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान १९१० चे आहे. तेथील घड्याळावर ६ फेब्रुवारी १९५८ ही तारीख कोरली आहे. त्या दिवशी म्युनिक येथील विमान अपघातात या संघाचे आठ खेळाडू गेले. १९४१ च्या हवाई हल्ल्यात हे मैदान उद्ध्वस्त झाले, तेव्हा युनायटेडला सिटीने आपले मैदान भाड्याने दिले आणि ही व्यवस्था १९४९ पर्यंत चालली. स्पर्धा आणि शेजारधर्म यांची अशी जुळणी व्यापाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

मैदानाजवळच्या व्हार्फसाइड थांब्यावरून ट्राम थेट ट्रॅफर्ड सेंटर या विस्तीर्ण बाजारसंकुलात नेते. शहरात आर्नडेल, उंची दुकानांसाठी किंग स्ट्रीट आणि जुन्या-नव्या चिजांसाठी अ‍ॅफ्लेक्स ही ठिकाणे आहेत. पर्यटकांना दुकानातील खरेदीवर मिळणारा करपरतावा ब्रिटनने २०२१ पासून बंद केला आहे, हे ध्यानात ठेवूनच किंमत ठरवावी. सामन्याचे तिकीट क्लबाकडूनच घ्यावे. अनधिकृत पुनर्विक्री तेथे गुन्हा आहे. सामन्याच्या दिवशी मैदानदर्शन मिळेलच असे नाही, म्हणून वेळ आधी निश्चित करावी. शाकाहाराची अडचण पडू नये. शेजारच्या सॅल्फर्डमध्ये १८०९ सालीच मांसाहार वर्ज्य करणारा एक ख्रिस्ती पंथ निघाला होता. कांदा, लसूण व कंदमुळांबद्दल मात्र आधी विचारून घ्यावे.

परतताना नातवाच्या हाती आवडत्या संघाचा सदरा असेलच. त्यासोबत वेळापत्रक आखणाऱ्या त्या कापड दुकानदाराची आणि ग्रंथालय देऊन गेलेल्या व्यापाऱ्याची गोष्टही त्याला सांगावी.