आधी शेवटची ओळ वाचा

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी सांभाळून घ्या! आमच्या होस्टेलच्या मेसचा हिशेब मी पायथॉनच्या स्क्रिप्टवर करते. ती अडली की वीस-पंचवीस ओळींचा ट्रेसबॅक अंगावर येतो आणि मैत्रिणी म्हणतात, "बंद कर गं ते!" पण ती नुसती साखळी असते: कोणत्या फंक्शनने कोणाला, कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवरून बोलावलं. पायथॉनमध्ये सर्वांत ताजा कॉल खाली असतो (जावामध्ये वर), म्हणून आधी शेवटची ओळ वाचायची. एररचं नाव आणि कारण तिथेच असतं. मग आपण लिहिलेली ओळ दिसेपर्यंत वर सरकायचं.

मला खरी भीती वॉर्निंगची वाटते. नमपायमध्ये एखाद्या ॲरेला शून्याने भागलं, तर प्रोग्रॅम एक ओळ पुटपुटतो आणि भलतंच उत्तर घेऊन पुढे जातो. त्यातून निघालेलं बिल मात्र मुलींना घरून आलेल्या पैशांतून भरायचं असतं. म्हणून मी स्क्रिप्ट ‘-डब्ल्यू एरर’ लावून चालवते. पहिल्याच वॉर्निंगला ती थांबते आणि पूर्ण ट्रेसबॅक देते. थांबू दे बापडी. बिल एक दिवस उशिरा लागलं तरी चालेल, चुकीचं नको.