शेवटच्या चेंडूचा हिशेब

सामना हरल्याची रात्र ही आपल्याकडे घरोघरच्या न्यायदानाची रात्र असते. एरव्हीं ज्या गृहस्थांस शेजाऱ्याच्या भिंतीचा तंटा सोडवितांना दहा वेळां विचार करावासा वाटतो, तेच हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत एखाद्या विशींतल्या पोराच्या साऱ्या जन्माचा निकाल देऊन मोकळे होतात. पुराव्याची अडचण नसते, कारण जें घडलें तें सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. आरोपी हजर नसतो, त्यामुळें उलट तपासणीचा त्रास नाहीं. आणि शिक्षा भोगणारा शेंकडों कोसांवर असल्यामुळें ती देणाराच्या झोपेंत खंड पडत नाहीं. परंतु आमची समजूत अशी कीं, ही शिक्षा अगदींच हवेंत विरून जात नाहीं. ती ऐकत घरांतील कोणी तरी तरुण मुलगा कोपऱ्यांत बसलेला असतो.

1986 सालच्या एप्रिल महिन्याची 18 तारीख, वार शुक्रवार. शारजा येथें ऑस्ट्रल-एशिया चषकाचा अंतिम सामना भारत व पाकिस्तान यांच्यामध्यें चालला होता. नागपूरपासून सुमारें 60 किलोमीटरवर, वैनगंगेच्या कांठच्या आमच्या भंडारा गांवीं त्या दिवशीं संध्याकाळीं पितळेच्या भांड्यांचीं दुकानेंहि नेहमींपेक्षां लौकर बंद झालीं होतीं. चैत्रांतील हळदीकुंकवाचे दिवस; कैरीची डाळ आणि पन्हें यांची आवराआवर करून बायकामंडळीहि बैठकींत येऊन बसल्या होत्या. घरीं लहानथोर मिळून 14 माणसें, आणि दूरदर्शनचा संच एकच. समोर खुर्चीवर आमचे वडील बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणतें. त्यांच्यामागें सतरंजीवर मुलें. आणि दाराशीं पाट घेऊन आमच्या आत्याबाई.

आत्याबाईंविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. वयाच्या सत्तरीस आलेल्या ह्या बाईनें जन्मांत बॅट हातीं धरली नव्हती. पण आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचें मराठी समालोचन ऐकून ऐकून तिला ह्या खेळाची अशी कांहीं जाण आली होती कीं, मुलें आपसांतले वाद तिच्याकडे नेत. दुधाच्या हिशेबाच्या वहीचीं मागचीं पानें तिनें सामन्यांसाठीं राखून ठेविलीं होतीं. कोणी किती धांवा काढल्या, कोणीं किती षटकें टाकलीं, हें सारें ती शाईनें लिही. पेन्सिलीनें लिहिलें कीं मागाहून खोडावेसें वाटतें, असें तिचें म्हणणें.

सामन्याचा शेवट बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. तरी नव्या पिढीसाठीं थोडक्यांत देतों. पाकिस्तानला शेवटच्या षटकांत 11 धांवा हव्या होत्या. तें षटक चेतन शर्मा याजकडे आलें. त्याला वीस वर्षें पुरीं होऊन साडेतीन महिने झाले होते. पहिल्या चेंडूवर एक धांव निघाली व दुसरी घेण्याच्या नादांत वासिम अक्रम धांवबाद झाला; दुसऱ्यावर जावेद मियांदादनें चौकार मारला; तिसऱ्यावर एक धांव; चौथ्यावर चेतननें झुल्करनैनचा त्रिफळा उडविला. आतां एकच गडी उरला. पांचव्या चेंडूवर धांवबाद करण्याची संधि हुकली, एक धांव निघाली, आणि मियांदाद समोर आला. एक चेंडू, 4 धांवा. चेंडू पायाशीं पडावा म्हणून टाकला, तो टप्पा न पडतांच बॅटीवर आला. मियांदादनें षट्कार मारला आणि पाकिस्तान एका गड्यानें जिंकलें.

क्षणभर बैठकींत कोणी बोलेना. मग न्यायासनें मांडलीं गेलीं. दादा म्हणाले, “हातांत आलेला सामना पोरानें घालवला.” आमच्या धाकट्या बंधूंनीं कपिल देववर ठपका ठेविला कीं, अशा वेळीं पोरसवदा गोलंदाजास षटक दिलेंच कां. शेजारचे एक गृहस्थ तर पैसे खाल्ल्याची भाषा करूं लागले. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, “त्याच्या आईनंही पाहिलं असेल हो हे,” पण त्यांचें बोलणें पुरुषांच्या गलक्यांत कोणाच्या कानीं गेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं बाजारांत पाहावें तों पानाच्या दुकानापासून एस. टी. च्या थांब्यापर्यंत तोच निकाल, तींच कारणें. आत्याबाईंनीं वहींत लिहिलें: चेतन शर्मा, 9 षटकें, 51 धांवा, 3 गडी. त्याच पानावर वर भारताच्या डावाची नोंद होती. 216 धांवांपर्यंत आपला अवघा 1 गडी बाद झाला होता. गावसकरांच्या 92, श्रीकांतच्या 75, वेंगसरकरांच्या 50. आणि तेथून पुढें केवळ 29 धांवांत 5–6 गडी जाऊन डाव 245 वर थांबला होता. त्या 29 धांवांविषयीं त्या रात्रीं आमच्या घरीं कोणीं चकार शब्द काढला नाहीं.

हें सारें खेळापुरतें राहिलें असतें तर लिहिण्याचें कारण नव्हतें. पण जून महिन्यांत आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा बी.एस्सी.च्या परीक्षेंत एका विषयांत नापास झाला. तोंवर त्यानें घराचें नांव राखलें होतें. शाळेंत पहिला, कॉलेजांत शिष्यवृत्ति. जेवतांना कोणी कांहीं बोलेना, तेव्हां दादांनीं वातावरण हलकें करण्याच्या हेतूनें म्हटलें, “काय रे, शेवटच्या चेंडूला फुलटॉस टाकलास म्हणायचा!” पंगत हंसली. मुलानें ताक घेतलें नाहीं. आपोष्णी घेऊन उठला. दादांच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें, हें आम्ही शपथेवर सांगूं. परंतु त्या दिवसापासून तो घरांत ‘आमचे चेतन शर्मा’ झाला. लहान भावंडें त्याला त्या नांवानें हांक मारूं लागलीं, आणि संध्याकाळीं ओटीवर मंडळी जमली कीं तो खांब तलावाकडे फिरावयास जाऊं लागला.

गंमत पाहा कीं, त्याच जून महिन्यांत खरा चेतन शर्मा इंग्लंडांत होता. लॉर्ड्सवरील कसोटींत पहिल्या डावांत त्यानें 64 धांवांत 5 बळी घेतले. 10 तारखेस भारतानें तो सामना जिंकला, आणि त्या मैदानावरील आपला तो पहिलाच कसोटी विजय. पुढच्या महिन्यांत बर्मिंगहॅमला दोन्ही डाव मिळून त्याचे 10 बळी. वर्तमानपत्र रोज घरीं येत होतें. वेंगसरकरांच्या शतकाचें कौतुक जेवणाच्या पानावर दोन दोन दिवस पुरलें. पण ‘आमचे चेतन शर्मा’ हें नांव घरांत जसेंच्या तसें राहिलें, आणि त्याचा अर्थहि तोच राहिला. शिव्या देतांना आपण जितके तत्पर असतों, तितके त्या परत घेतांना नसतों.

ह्यांत भंडाऱ्याचें किंवा आमच्या घराचेंच कांहीं विशेष आहे असें नव्हे. 1971 सालीं अजित वाडेकरांच्या संघानें वेस्ट इंडीज व इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकल्या, तेव्हां मुंबईनें त्यांस डोक्यावर घेतलें. 1974 सालीं त्याच लॉर्ड्सवर आपला संघ 42 धांवांत गारद झाला, मालिका 3–0 अशी गेली, आणि त्याच वाडेकरांच्या घरावर दगड पडले. आमचे दादा वाडेकरांचे निस्सीम भक्त. त्या दगडांविषयीं ते आजन्म हळहळत असत. आपण घरांत बसून जे फेकतों तेहि दगडच, हें मात्र त्यांस कोणी सुचविलें असतें तर ते चकित झाले असते.

मुलगा ऑक्टोबरच्या परीक्षेंत सुटला, नागपुरास एका खाजगी शाळेंत शिकवूं लागला, आणि 1987 ची दिवाळी उरकल्यावर 31 ऑक्टोबरला सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर विश्वचषकाचा न्यूझीलंडविरुद्धचा सामना पाहावयास गेला. दादांनीं आपण होऊन तिकिटाचे पैसे दिले होते. घरीं आम्ही सर्व पुन्हां संचासमोर, आत्याबाई पाटावर.

त्या दिवशीं चेतन शर्मानें सलग तीन चेंडूंवर रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड ह्या तिघांचे त्रिफळे उडविले. विश्वचषकाच्या इतिहासांतील ती पहिली हॅट्‌ट्रिक. पुढें गावसकरांनीं 88 चेंडूंत नाबाद 103 धांवा काढल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्यांचें तें एकमेव शतक. आणि सामनावीराचा मान दोघांस वांटून मिळाला. दादा खुर्चीवरून उठून उभे राहिले. “शाबास रे आमच्या चेतन!” असें म्हणून त्यांनीं मुलांकडून पेढे आणविले. रात्रीं शेवटच्या गाडीनें पुतण्या आला, तेव्हां त्याचा घसा बसला होता. बाजूचे लोक कसे नाचले, अनोळखी माणसांनीं कशा मिठ्या मारल्या, हें तो खुणांनींच अधिक सांगत होता. दादांनीं त्याच्याहि पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “पाहिलंस ना, आपल्या चेतननं काय केलं तें!” दीड वर्षें जें नांव त्याला बोंचत होतें, तें आज बक्षिसासारखें त्याच्या हातीं ठेवण्यांत येत होतें. तो हंसला, पण तें हंसणें आम्हांस फारसें मनापासूनचें वाटलें नाहीं.

आत्याबाई वही घेऊन आल्या. “दादा, हें वाच.” दादांनीं चष्मा लावून वाचलें: चेतन शर्मा, 10 षटकें, 51 धांवा, 3 गडी. आत्याबाईंनीं पानें मागें उलटून एप्रिलचें पान काढलें आणि त्या ओळीवर बोट ठेवलें. तेथेंहि 51 धांवा, 3 गडी. दादा बराच वेळ दोन्ही पानें पाहत राहिले.

“आंकडे तेच आहेत, आत्या,” ते शेवटीं म्हणाले, “पण वेळ निराळी. तो शेवटचा चेंडू होता.”

“असेल. पण तो शेवटचा होईपर्यंत आधींचे दोनशेंनव्व्याण्णव कोणीं टाकले? आणि त्या 29 धांवांत जे बाद झाले, त्यांच्या नांवानं कुणाला चिडवलंस तूं?”

दादांचें म्हणणें अगदींच टाकाऊ होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. शेवटच्या चेंडूची किंमत पहिल्याइतकी नसते. कचेरींत काय किंवा स्वयंपाकघरांत काय, अखेरच्या क्षणीं हात थरथरला तर सारी मेहनत वायां जाते, आणि ज्याच्या हातीं तो क्षण सोंपविला त्यास जाब विचारणें रास्त आहे. तो चेंडू वाईट पडला, यांत वाद नाहीं. परंतु चेंडू वाईट पडला असें म्हणणें निराळें आणि मुलगा वाईट निघाला असें म्हणणें निराळें. आमच्या बैठकींत त्या रात्रीं पहिलें वाक्य एकदांहि उच्चारलें गेलें नव्हतें. पैसे खाल्ल्याची भाषा करणाऱ्या शेजाऱ्यांनीं तर पेढे दोनदां मागून घेतले.

पुढें पांचच दिवसांनीं मुंबईस इंग्लंडनें उपांत्य सामन्यांत आपणांस 35 धांवांनीं हरविलें. कपिल देव 30 धांवांवर उंच फटका मारून झेल देऊन परतला आणि दादांनीं लगेच नवा खटला उभा केला. त्या वेळीं आत्याबाईंनीं वही उघडली नाहीं. नुसतें त्यांच्याकडे पाहिलें. दादा हंसले आणि पान खावयास बाहेर गेले. त्यानंतर मात्र पुतण्यास त्या नांवानें हांक मारलेली आम्हीं ऐकली नाहीं. चेतन शर्मानें पुढें 1989 सालीं कानपुरास इंग्लंडविरुद्ध नाबाद 101 धांवा काढून सामना जिंकून दिला, हें सांगितलें तर आज पुष्कळांस खरें वाटत नाहीं. शारजाचा षट्कार मात्र ज्यांचा जन्महि तेव्हां झाला नव्हता त्यांस तोंडपाठ आहे.

आत्याबाई गेल्या, दादाहि गेले. वही पुतण्याकडे आहे. तो आतां साठीकडे झुकला असून भंडाऱ्याच्या घरींच राहतो, आणि त्याच्या भोंवतीं आतां पुढची पिढी जमते. 14 मार्च 2024 रोजीं वानखेडे मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत आपल्या विदर्भापुढें 538 धांवांचें अवघड लक्ष्य होतें. कर्णधार अक्षय वाडकर व 21 वर्षांचा हर्ष दुबे यांनीं शेवटच्या दिवशीं दुपारपर्यंत आशा जागी ठेवली. मग वाडकर 102 वर बाद झाला, दुबे 65 वर, आणि 353 वरून डाव 368 वर आटोपला. मुंबई 169 धांवांनीं जिंकली. “दुबे थोडा थांबला असता तर!” असें मुलांपैकीं एकानें म्हटलें, आणि दुसऱ्यानें त्याच्यापुढें एक शब्द जोडला, जो येथें छापण्याजोगा नाहीं.

पुतण्यानें आवाज चढविला नाहीं. त्यानें मुलाच्या हातांतला फोन घेतला, धांवफलक काढला आणि त्यास मोठ्यानें वाचावयास सांगितलें: मुंबईच्या दुसऱ्या डावांत 5 बळी कोणाचे, विदर्भाचा पहिला डाव कितीवर आटोपला, त्यांत कोणाच्या किती धांवा. पहिला डाव 105 वर आटोपला होता. मुलगा वाचीत गेला तसतसा त्याचा आवाज खालीं येत गेला.

पुढच्या हंगामांत दुबेनें 69 बळी घेऊन रणजी करंडकाच्या एका हंगामांतील सर्वाधिक बळींचा विक्रम केला, आणि 2 मार्च 2025 रोजीं केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहून पहिल्या डावांतील आघाडीवर नागपुरासच करंडक विदर्भाकडे आला. त्या संध्याकाळीं तींच मुलें “आपला हर्ष, आपला हर्ष” म्हणून घर डोक्यावर घेत होतीं. आदल्या वर्षींचा तो शब्द त्यांस आठवत असल्याचें कांहीं दिसलें नाहीं, आणि पुतण्यानेंहि तो काढला नाहीं. तो वहींत त्या दिवसाचे आंकडे उतरवून घेत होता, शाईनें.