आधी वरचा बोल्ट

पन्नाशी उलटली की माणसाच्या पाठीतून नाना प्रकारचे आवाज येऊ लागतात, आणि ते आवाज फक्त ज्याचे त्यालाच ऐकू येतात. जुन्या गाडीचे बरोबर उलटे. तिच्या पाठीकडून आवाज येऊ लागला की तो मालक सोडून साऱ्या गल्लीला ऐकू येतो. "साहेब, तुमची व्हॅन गाते हं!" असे शेजारच्या गुजराती बहेनींनी आमच्या सौभाग्यवतींना सांगितले, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता विकून टाका." आई म्हणाली, "विका खुशाल, पण आधी मला माहेरी नेऊन आणा."

आमची ही मारुती व्हॅन २००८ सालची, एका निवृत्त गृहस्थांकडून घेतलेली. १९८४ साली ही गाडी नुसती 'मारुती व्हॅन' म्हणून बाजारात आली, १९८८ साली तिचे 'ओम्नी' असे बारसे झाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. बडोद्याच्या पोळांमध्ये मात्र तिला कोणी ओम्नी म्हणत नाही. व्हॅन ती व्हॅनच. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर आम्ही ती रीतसर पाच वर्षांनी वाढवून घेतली. याचे कारण आई. तिचे वय एक्याऐंशी, गुडघे तिच्याहूनही वयस्क. नव्या गाडीत तिला वाकून शिरावे लागते. व्हॅनचे सरकते दार उघडले की ती देवळाची पायरी चढावी तशी आत चढते. तिचे माहेर नवापूरजवळचे. नवापूरच्या रेल्वे स्थानकातून महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

आवाजाची परीक्षा करायला आमचे जुने गुजराती मिस्त्री आले. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. त्यांनी व्हॅनमध्ये मागच्या बाकावर बसून दोन किलोमीटरची चक्कर मारली, डोळे मिटून ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "साहेब, क्राउननुं ऑइल क्यारे बदल्युं?" क्राउन म्हणजे मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या आतले मोठे दातेरी चाक. इंजिनाचे ऑइल बदलल्याच्या चिठ्ठ्या आधीच्या मालकांनी फायलीत लावून दिल्या होत्या. क्राउनच्या ऑइलची एकही नव्हती. बहुतेक गाड्यांचे असेच असते. इंजिन डोळ्यांसमोर असते, त्याचा दिवा लागतो, म्हणून त्याची वास्तपुस्त होते. मागचा आस अंधारात मुकाट्याने फिरत असतो, म्हणून त्याला कोणी विचारीत नाही.

हा गोळा करतो तरी काय? बैलगाडीला तो लागत नाही. तिथे आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्याच्या टोकांवर आपापल्या मनाने फिरतात. ओढायचे काम बैलांचे. मोटारीत मात्र खुद्द चाकांनाच जोर द्यावा लागतो, आणि वळणावर पंचाईत होते. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, आतल्याला कमी. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक घसटत जाईल. पॅरिसचा एक घड्याळजी, ओनेसिफोर पेक्यूर, याने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. दोन चाकांच्या मध्ये त्याने लहान दातेरी चाकांची अशी जुळणी बसवली, की आतले चाक जितके मंदावेल तितके बाहेरचे वेग घेईल, आणि जोर मात्र दोघांनाही मिळत राहील. हेच डिफरन्शियल.

दहावीच्या मुलांना मी यावर एक गणित घालतो. दोन चाकांमधले अंतर १.२ मीटर धरा. काळाघोड्याच्या चौकात सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला एक प्रदक्षिणा घाला, किंवा सबंध सूरसागर तलावाला घाला. बाहेरचे चाक आतल्यापेक्षा किती जास्त धावेल? मुले हटकून सांगतात, की तलावाला जास्त. उत्तर दोन्हीकडे एकच येते, सुमारे साडेसात मीटर. फेरी लहान असो की मोठी, फरक तेवढाच. घरी मराठी आणि दारी गुजराती बोलणाऱ्या मुलांना हे उत्तर मोठ्या माणसांपेक्षा लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

आता ऑइलविषयी. या गोळ्यातले दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते दाबाखाली घसरतात. साधे तेल त्या दाबाने चेपले जाऊन बाजूला होते. म्हणून या ऑइलमध्ये गंधक व फॉस्फरसची संयुगे घालतात. ती तापल्यावर धातूवर एक पातळ थर धरतात आणि लोखंड लोखंडाला लागू देत नाहीत. त्या गंधकाचा वास एकदा हाताला लागला की दोन दिवस जेवणात येतो. आईला हे समजावून सांगू लागलो तर ती म्हणाली, "म्हणजे वंगणच की!" तिच्या लहानपणी बैलगाडीच्या आसाला एरंडेलात काजळी कालवून वंगण घालीत. गुजरातीत याला ऊंजण म्हणतात आणि एरंडेलाला दिवेल. देशातला बहुतेक एरंड आजही गुजरातेतच पिकतो, आणि 'कॅस्ट्रॉल' हे प्रसिद्ध नावही कॅस्टर म्हणजे एरंडावरूनच आले आहे.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी काकांच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर व्हॅन उभी केली. ऑइल गरम होऊन पातळ व्हावे म्हणून आधी पाचेक किलोमीटर फिरवून आणली होती. चाकांमागे दगड लावले. चिरंजीव खड्ड्यात उतरले, मी वरून हत्यारे देणार. गोळ्याला दोन बोल्ट असतात. खालचा काढला की जुने ऑइल वाहून जाते, वरच्या भोकातून नवे भरतात. चिरंजिवांनी खालच्या बोल्टला पाना लावलाच होता, तोच काका ओरडले, "ना, ना! पहेलां उपरनो बोल्ट खोलजो, पछी नीचेनो!"

कारण त्यांनी नंतर चहा पिताना सांगितले. खालचा बोल्ट चिखलापाण्याने गंजलेला असला तरी बहुधा निघतो. वरचा वर्षानुवर्षे कोणी उघडलेला नसतो. तो हमखास आवळून बसतो. आधी खालचा काढून ऑइल सोडून दिले आणि मग वरचा निघालाच नाही, तर गाडी कोरडी पडते. मग ती गॅरेजातून हलवताही येत नाही, कारण कोरडे दाते थोड्याच अंतरात एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून नियम असा, की भरायची वाट मोकळी आहे याची खात्री झाल्याखेरीज रिकामे करू नये.

आमचा वरचा बोल्ट खरोखरच बसला होता. तारेच्या ब्रशने घासला, गंज सोडवणारे तेल मारले, अर्धा तास वाट पाहिली, हातोडीने चार हलके टोले दिले आणि नेमक्या मापाचा पाना लांब दांडीने दाबला. "कट्" असा आवाज झाला. क्षणभर सगळ्यांचे चेहरे पडले, पण बोल्ट तुटला नव्हता, सुटला होता. मग खालचा काढला. काळेकुट्ट, काकवीसारखे ऑइल परातीत उतरले. काकांनी त्यात बोट बुडवून चोळून पाहिले. बारीक करडी पूड होती, ती झिजेची, कपच्या नव्हत्या. कपची निघाली असती तर दाता तुटला असे समजायचे. हवा जाण्याचे छोटे तोंड मातीने बुजले होते, तेही साफ केले. ते बुजले तर आत दाब वाढून सीलमधून ऑइल ब्रेककडे गळते. खालचा बोल्ट नवे वायसर घालून बसवला आणि वरच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत नवे ऑइल भरले. गाडी सपाट उभी असेल तर ओघळणे हीच माप पुरे झाल्याची खूण. जुने ऑइल गटारात न ओतता काकांच्या पिंपात गेले.

या सगळ्या वेळात माझे लक्ष शब्दांकडे होते. गुजरातीत पुस्तकाचे पान तेही पानुं आणि हा पाना तोही पानुं, यावर चिरंजीव खड्ड्यातून हसत होते. ते अभियांत्रिकी शिकलेले, पण वंगण हा शब्द त्यांनी आजीकडून प्रथमच ऐकला. ज्या गावात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले, जिथले पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी यंत्रविद्या देशी भाषांतून शिकवण्याचा आग्रह धरला, जिथे दादासाहेब फाळके शिकले, आणि जिथून १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला, त्या गावातली ही गोष्ट.

दिवाळीनंतर आम्ही आईला नवापूरला नेले. आवाज अर्ध्यावर आला होता. झिजलेले दाते नव्या ऑइलने भरून येत नाहीत, हे काकांनी आधीच सांगून ठेवले होते. पण व्हॅन गेली आणि आली. स्टेशनवर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असलेल्या त्या प्रसिद्ध बाकावर आई मधोमध बसली आणि दोन्हीकडच्या भाच्यांशी दोन्ही भाषांत भांडली.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या शाळेच्या संचालकांची बैठक झाली. मराठी माध्यमाचा पट सतत घटत होता. वर्ग टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव आला. पालकांची नावे माझ्या डोळ्यांसमोर होती आणि आकडेही. आकड्यांशी भांडता येत नाही. मी एवढेच म्हटले, "वर्ग बंद करायचे तर करू. पण ही मुले मराठी कोठून घेणार, ती वाट आधी उघडून दाखवू, आणि मग हे रिकामे करू." काकांचे वाक्य मी गुजरातीतच ऐकवले. मंडळी हसली, पण चर्चा थांबली. विकायला काढलेली मराठी पुस्तके राहिली, त्यांना एक खोली मिळाली आणि शनिवारचे दोन तास मिळाले. ठराव पुढच्या बैठकीत मंजूर झाला, तोवर ते तास सुरू झाले होते.

आज दोन वर्षांनी त्या खोलीत तेवीस मुले येतात. त्यांतली चार गुजराती आहेत. मागे वाचताना एका मुलाला 'वंगण' हा शब्द अडला. मी अर्थ सांगितला नाही. घरी जाऊन आजीला विचार, म्हटले. पुढच्या शनिवारी तो आला आणि बैलगाडीपासून सारे साग्रसंगीत सांगू लागला, तेही चक्क गुजरातीत. मी त्याला पुन्हा एकदा मराठीत सांगायला लावले.