पायांशी वाकणारी सेवा
भिलाई म्हटलं की आठवते ती १९५९ साली पेटलेली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी. पण इथवर आलात, तर रायपूरमार्गे धमतरीलाही जाऊन या. १८९९ साली अमेरिकेतून आलेल्या मेनोनाइट मिशनऱ्यांनी तिथे दुष्काळातल्या अनाथ मुलांना आसरा दिला. पुढे कुष्ठरुग्णांसाठी शांतिपूर उभं राहिलं.

येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून या पंथात एकमेकांचे पाय धुण्याची प्रथा आहे. कुष्ठरोगात पायांची संवेदना जाते. काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून पाय रोज पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, जखम शोधायची. चर्चमधला विधी त्यामानाने सोपा. खरी कसोटी इथे लागते.

आपल्या घरातल्या आजारी माणसाच्या पायांशी आपण असे कधी वाकतो का?