उलट्या बाजूचा हिशेब

भरतकामाचे जुने कापड दुसऱ्यांदा विक्रीला येते, तेव्हा त्याची किंमत दोन रीतींनी ठरवता येते : ते कशाचे बनले आहे यावरून, किंवा त्यावर कोणते काम, कशा हाताने आणि कोणत्या निमित्ताने झाले आहे यावरून. पहिल्या रीतीला तराजू पुरतो. दुसरीला टाक्यांची ओळख लागते, आणि घरगुती सुईकामाच्या वाट्याला बहुधा पहिलीच रीत आली आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील कासारवाडीत हा प्रश्न जवळून पाहता येतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढील दशकांत या पट्ट्यात उद्योग वाढत गेले, आणि सोलापूर, सांगली, सातारा, मराठवाडा, खानदेश या भागांतून आलेल्या कामगार कुटुंबांनी कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी येथे बिऱ्हाडे थाटली. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकांतून त्या त्या मुलखातील सुईकामही येथे आले.

हे सुईकाम मुळात विक्रीसाठी नव्हते, ते आयुष्याच्या टप्प्यांना बांधलेले होते. जन्मलेल्या बाळासाठी कुंची, म्हणजे डोके झाकून पाठीवर उतरणारे टोपडे, आणि मऊ जुन्या लुगड्याचे दुपटे शिवले जाई. शाळेत शिवणाच्या तासाला मुलगी एकाच कापडावर धावदोरा, उलटी टीप, साखळीटाका, काजटाका आणि गाठीचा टाका यांचे नमुने ओळीने घाली. लग्न ठरले की रुखवतात, म्हणजे वधूपक्षाने मांडलेल्या फराळाच्या व हस्तकलेच्या प्रदर्शनात, मॅटीवर, म्हणजे उघड विणीच्या जाड सुती कापडावर, भरलेले टेबलक्लॉथ, क्रोशाचे रुमाल आणि मोत्यांची तोरणे येत. रमाबाई रानडे यांच्या प्रेरणेने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी हेच कौशल्य स्त्रियांच्या शिक्षणाचा आणि स्वतंत्र कमाईचा भाग मानले. उतारवयात हाती येई ती गोधडी, जिच्या थरांत आयुष्यभर नेसलेली लुगडी आणि घरातील धोतरे एकत्र टाचली जात. त्यामुळे विक्रीला आलेली वस्तू या क्रमात कोठे बसते, हे ओळखणे हेच मूल्यमापनाचे पहिले पाऊल ठरते.

दुसरे पाऊल म्हणजे कापड उलटे करणे. संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या भरतकामात मागील बाजूस बॉबिनचा एकच, बहुधा पांढरा, दोरा सर्वत्र सारख्या ताणाने धावलेला दिसतो. हातकामात मात्र दोरा कोठे संपला, नवा कोठे जोडला, एका फुलावरून दुसऱ्यावर सुई कशी गेली, हे सारे मागून वाचता येते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील कशिद्यात, ज्याला धारवाडकडे कसूती म्हणतात आणि जो इरकल साडीच्या पदरावर व खणाच्या चोळीवर भरला जाई, ही परीक्षा सर्वांत कठोर असते. त्यातील गवंती टाक्यात धावदोरा एकदा पुढे जातो आणि परत येताना सोडलेल्या जागा भरतो, मुरगी त्याचेच पायऱ्यापायऱ्यांचे रूप आहे, नेगी विणीसारखा दिसतो आणि मेंथी हा फुलीटाका आहे. हे काम नक्षी छापून घेऊन नव्हे, तर कापडाचे धागे मोजून करतात, आणि गवंती-मुरगीत दोन्ही बाजू सारख्याच उमटतात. म्हणून टाक्यांखाली निळ्या शाईची रेघ दिसली किंवा मागे गाठी आढळल्या, तर ते काम जुन्या परंपरेतील उत्तम हाताचे मानता येत नाही. उलट तुळशीवृंदावन, रथ किंवा गोपुर यांची नक्षी दोन्हीकडे तितकीच स्वच्छ असेल, तर पदर विरलेला असूनही त्याचे मोल वरचे राहते.

काळ ठरवण्यास धाग्याचा उपयोग होतो, पण तो एकाच दिशेने : धागा वस्तूचे वय किती असूच शकत नाही हे सांगतो. मर्सरायझेशनची प्रक्रिया जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये शोधली, पण सुताला कायमची चकाकी देणारे तिचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले. कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांच्या जांभळ्या रंगाने झाली. पॉलिएस्टर १९४१ नंतरचे. एक सुटा तंतू चिमट्यात धरून जाळला, तर सुती धाग्याला जळक्या कागदाचा आणि रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टर मात्र वितळून त्याचा कडक मणी होतो. शंभर वर्षांची म्हणून दाखवलेल्या कुंचीच्या मूळ शिवणीत असा मणी सापडला, तर तो दावा तेथेच संपतो. दुरुस्तीच्या टाक्यात सापडला, तर तो फक्त दुरुस्तीचा काळ सांगतो. म्हणून नमुना कोठून घेतला याची नोंद परीक्षेइतकीच महत्त्वाची असते.

दारोदार फिरून जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण ही या वस्तूंची पूर्वापार पहिली ग्राहक होय. तिच्या व्यवहारात कापडाचा टिकाऊपणा, आकार आणि जर यांना भाव मिळतो, आणि तिच्या तुटपुंज्या कमाईचा विचार करता ते योग्यही आहे. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार. ती असलेल्या साड्या विकत घेऊन जाळणारे व्यापारी त्यातील धातू तेवढा उरवतात, आणि विणकाम व भरतकाम दोन्ही राख होतात. तांब्याच्या तारेची नकली जर किंवा नुसते सुती काम यांना हा भावही मिळत नाही. बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेत भरणारा जुना बाजार आता कासारवाडीहून मेट्रोने, जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलून, सहज गाठता येतो. पण तेथेही मॅटीचा टेबलक्लॉथ जुन्या पडद्यांच्या ढिगात गेला, की त्याची ओळख हरवते.

योग्य मूल्यमापनात चार गोष्टी एकत्र धराव्या लागतात : टाक्याची जात आणि इंचात बसलेल्या टाक्यांची संख्या, रंगांचा व धाग्यांचा टिकाव, वस्तूचे अंदाजे वय आणि मालकीचा ज्ञात इतिहास. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्तात जपता येते आणि सर्वाधिक वेळा गमावली जाते. कोणत्या गावच्या बाईने, कोणत्या नात्याने, कोणासाठी हे केले, एवढ्या दोन ओळी कापडासोबत राहिल्या, तर अनामिक इरकल साडी एका प्रदेशाच्या कशिद्याचा पुरावा बनते. ठिगळाबाबतही हेच खरे. गोधडीतील धावदोऱ्याच्या ओळी बहुधा कडेपासून निघून आत आत वळत जातात; वरचा थर झिजून आतले लुगडे दिसू लागले आणि त्यावर पुन्हा नवे ठिगळ बसले, तर बाजार त्याला दोष म्हणतो, पण जाणकाराने ते वस्तूच्या वापराचे अस्सल लक्षण मानून नोंदवावे. विक्रीपूर्वी कापड धुऊन, इस्त्री करून नवे दिसावे असा अट्टाहास याच कारणाने टाळावा. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात रंग सुटतो का हे पाहणे पुरेसे असते.

येथे कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी हस्तकलेची वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते. पुरावस्तूंच्या व्यापारासाठी परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्यामुळे वय वाढवून सांगण्याचा मोह विक्रेत्यालाच अडचणीत आणू शकतो.

सर्व सुईकाम संग्रहालयात जावे अशी अपेक्षा कोणी करू नये. दिनकर केळकर यांनी पुण्यात आयुष्यभर जमवलेल्या संग्रहाने दिवे, अडकित्ते, फण्या अशा रोजच्या वापरातील वस्तूंनाही जतनाचा अधिकार आहे हे दाखवून दिले, तरी एकच संग्रह सगळ्या घरांना पुरणार नाही. म्हणूनच पुनर्विक्री ही या कलेची शत्रू नसून तिचा आधार ठरू शकते, मात्र त्यासाठी विकणाऱ्याने टाक्याचे नाव, अंदाजे वय व त्याची कारणे आणि करणारीचे गाव पावतीवर लिहिले पाहिजे आणि घेणाऱ्याने त्या श्रमाचे पैसे मोजले पाहिजेत. ज्या स्त्रियांच्या कामाला त्यांच्या हयातीत वेतन मिळाले नाही, त्यांच्या कौशल्याला आज योग्य भाव मिळणे हा उशिराचा असला तरी खरा न्याय आहे, आणि तो देण्याची जबाबदारी हे काम ओळखू शकणाऱ्या प्रत्येकावर आहे.