आमचा गडबड्या

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं जुन्नरला आली की पहिले तीन-चार दिवस किल्ला, फराळ आणि फटाके यांत जातात. मग प्रश्न सुरू होतो. पूर्वी मुलं दिवेलागणीपर्यंत कुकडीच्या काठाने नाहीतर मळ्यात हुंदडायची. आता पाच वाजले की आया हाका मारून मुलांना घरात घेतात. उसात बिबट्या असतो, आणि तो उसातच राहतो असं आता आमच्याकडे कोणी म्हणत नाही. तेव्हा पाच ते नऊ हे चार तास, एक मोबाइल आणि दोन मुलं, असं त्रैराशिक आमच्या घरात रोज मांडलं जातं.

यंदा नातवाने त्या मोबाइलमधूनच उत्तर काढलं. कुठेतरी त्याने चित्र काढणारा यंत्रमानव पाहिला होता. पालथा घातलेला प्लास्टिकचा ग्लास, त्याला तीन स्केचपेनांचे पाय, डोक्यावर खेळण्यातली मोटर. कळ दाबली की स्वारी कागदावर आपली आपण रेघोट्या मारत फिरते. "आजोबा, आपण करायचा?"

मी मराठीचा बी. ए. विज्ञानाशी माझा संबंध एवढाच की विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास मी घ्यायचो आणि मुलांना शुद्धलेखन घालायचो. पण हो म्हणताना मन कचरलं ते विज्ञानामुळे नाही, हातामुळे.

सांगूनच टाकतो. गेली तीन वर्षं माझा उजवा हात कापतो. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, वयोमानाने होतं. त्यांचं बरोबर असेल. पण शाळेत रोजचा सुविचार माझ्या अक्षरात असायचा. गावातली मानपत्रं, लग्नपत्रिकांवरची नावं, सगळं माझ्याकडे. आता चहाची बशी वाजते म्हणून मी फक्त कप घेतो, तोही अर्धा. मागच्या वर्षी बँकेत पैसे काढायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा कागद खालीवर करून म्हणाला, "काका, सहीत फरक आहे." दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा केली. शेवटी त्याने अगदी अदबीने शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठाच द्या ना."

नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानात आम्ही रात्री कंदील घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचो. बायाबापड्यांचा हात हातात धरून सही शिकवायची, का तर त्यांना अंगठा द्यावा लागू नये म्हणून. त्या दिवशी घरी येऊन मी बोट साबणाने चार वेळा धुतलं. आमच्या हिने विचारलं, मी काही सांगितलं नाही.

असो. तर यंत्रमानव.

मला पटकन आठवले ते अरविंद गुप्ता. शाळेत असताना एका सहलीत मुलांना पुण्याला आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत नेलं होतं. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली इंजिनियर झालेला हा माणूस टेल्कोतली नोकरी करता करता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या खेड्यांत विज्ञान शिकवण्याच्या कार्यक्रमात गेला, आणि आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून मुलांना त्रिकोण, चौकोन, घरं करायला शिकवू लागला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या शोधिकेच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. ती उभी राहिली पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. मराठीच्या मास्तराला विज्ञानाच्या दारात पुलं भेटावेत, याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता. आपलंच कोणीतरी दार उघडून उभं आहे असं वाटलं.

ग्लास, स्केचपेन, सेलोटेप घरात होतं. मोटर एका मोडक्या गाडीतून निघाली, पण तिच्या तारा तुटलेल्या. म्हणून बाजारपेठेत गेलो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. या मुलाच्या अक्षरावरून मी त्याला फार बोललो आहे. कोंबडीचे पाय म्हणायचो. एकदा तर त्याची वही उघडून फळ्याच्या कडेला टांगली होती, सगळ्यांनी बघावी म्हणून. वर्ग हसला होता. मीही हसलो होतो.

त्याने मोटर चिमटीत धरली. "सर, तार धरा जरा." मी धरली. ती लागली नाचायला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तार हळूच माझ्या बोटांतून काढून घेतली, पक्कडीत अडकवली आणि डाग दिला. इतका स्थिर हात! पैसे घेतले नाहीत. दोन पेन्सिल सेलची डबी जोडून दिली आणि वर मार्करने कुठली बाजू कुठे ते लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाला, "अक्षर अजून तसंच आहे बघा, सर." मी त्या वहीबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं. नातवंडं सोबत होती, गिऱ्हाईक उभं होतं, नाही बोललो.

घरी येऊन जोडणी केली. मी पदार्थ सांगायचे आणि मुलांनी करायचं, अशी वाटणी. तीन पेनं ग्लासाच्या कडेने सारख्या अंतरावर, टोकं खाली एका पातळीत. मोटर ग्लासाच्या बुडावर, दांडा आभाळाकडे. त्या दांड्यावर खोडरबराचा तुकडा. नातवाने तो अगदी मधोमध टोचला, पट्टीने मोजून. मी मनात शाबासकी दिली. खाली कार्डशीट पसरलं, कळ दाबली. मोटर गर्रकन फिरली, खोडरबर झक्क फिरलं आणि यंत्रमानव आपल्या जागी ठोंब्यासारखा उभा. सेल बदलले, पेनं बदलली. ढिम्म.

धाकटी सात वर्षांची आहे. तिने खोडरबर उपसलं आणि एका टोकाला धरून कसंतरी वाकडं खुपसलं. मी "अगं, नीट" म्हणेपर्यंत कळ दाबलीसुद्धा. आणि तो निघाला की हो! टुकटुक टुकटुक करत, गिरक्या घेत, मागे तांबडी, निळी, हिरवी रेघ सोडत. पडवीत एकच ओरडा झाला. आमची ही पुऱ्या तळायच्या सोडून बाहेर आली.

कारण मग नातवाने आणि मी मिळून शोधलं. वजन मधोमध असलं की फिरताना सगळीकडे सारखंच ओढतं, कोणाचंच काही चालत नाही. एका बाजूला जास्त झालं की ते ग्लासाला क्षणात इकडे ओढतं, क्षणात तिकडे. ग्लास थरथरतो, पायांवरचा भार कमीजास्त होतो, हलका झालेला पाय कागदावरून सरकतो. वॉशिंग मशीनमध्ये चादर एका बाजूला गोळा झाली की ते धडधडत पुढे सरकतं, तेच हे. साधा मोबाइल टेबलावर गुरगुरत सरकतो तेही असंच, त्याच्या पोटात एकीकडे जड असलेलं वजन फिरवणारी इवलीशी मोटर असते. सेलच्या तारा उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते. खोडरबराचा तुकडा मोठा घेतला तर रेघोट्यांची जात बदलते. ही सगळी संध्याकाळ आम्ही तेच केलं.

रात्री नातवाने मला एक चित्रफीत दाखवली. स्वित्झर्लंडच्या पिएर जाके-द्रो नावाच्या घड्याळजीने आपल्या माणसांच्या मदतीने १७७४ साली पूर्ण केलेला लिहिणारा बाहुला. आत सुमारे ६,००० भाग. पिसाची लेखणी शाईत बुडवतो, झटकतो आणि चाळीसेक अक्षरांचा मजकूर वळणदार लिहितो. नोशातेलच्या संग्रहालयात आजही आहे. फार सुंदर अक्षर. नातू म्हणाला, "आपल्यात बारा-तेरा वस्तू आहेत." पहिल्यांदाच मला अक्षर बघून काही शिकवावंसं वाटलं नाही. बाहुला चुकतच नव्हता, त्यामुळे दुसऱ्या खेपेला पाहायला मन घेईना.

गडबड्या हे नाव धाकटीने ठेवलं. दुसऱ्या दिवशी कार्डशीट भरत आलं तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, हा तुमच्यासारखाच लिहितो." सुनेने डोळे वटारले. ही लगबगीने "चिवडा घे गं" म्हणाली. पोरीला कळेना आपलं काय चुकलं. ती कौतुकानेच म्हणाली होती, हे मला दिसत होतं. काल ज्याच्यासाठी घर नाचलं, त्याच्यासारखं लिहिणं हे वाईट कसं असेल?

"सही करा ना," ती म्हणाली. "चित्रावर सही असते."

घरात तीन वर्षांत मी मुलांसमोर पेन धरलं नव्हतं. स्केचपेन घेतलं, डाव्या हाताने मनगट धरलं, मग सोडून दिलं. खालच्या कोपऱ्यात सही केली. गडबड्याच्या रेघांत ती सापडायला जरा वेळ लागतो. कार्डशीट पडवीत लावलं आहे.

नोव्हेंबर आहे, हयातीचा दाखला द्यायला जायचं आहे. आता तिथे बरेच जण यंत्रावर बोट टेकवतात, भले भले शिकलेलेही. त्याच रस्त्यावर ते रिवाइंडिंगचं दुकान आहे. या वेळी नातवंडं सोबत नसतील.

काल संध्याकाळी गडबड्या मंदावला. रेघा आखूड आखूड होत थांबला. पूर्वी आम्ही रेडिओचे सेल उन्हात ठेवून आणखी दोन दिवस चालवायचो, ते नातवाला सांगितलं, पण ऊन उतरलं होतं. दुकान चार घरं सोडूनच आहे. धाकटी चप्पल घालून दारात उभी राहिली. सहा वाजून गेले होते. उद्या सकाळी आणू म्हटलं, आणि दाराला कडी लावली.