हैफाहून अक्कोला, व्हाया बैरूत



माझा शेवटचा बोटीचा प्रवास १९६८ सालचा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला. तिथून अलिबागला आजीकडे. पुढच्या वर्षी आम्ही इस्राएलला आलो ते विमानाने. त्यानंतर समुद्र पाहिला तो किनाऱ्यावर खुर्ची टाकूनच. पण माझ्या नातवाने एक जुनी शिडाची होडी घेतली आणि २०२४ च्या मे महिन्यात म्हणाला, "नाना, चला, अक्कोला जाऊन येऊ. चौकशी केलीय, जायला बंदी नाही." बरोबर त्याची अकरा वर्षांची बहीण. आमच्या सौ.ने पुऱ्यांचा डबा दिला आणि मला दोनदा विचारले, पोहता येतं ना अजून?

हैफाच्या किशोन नदीच्या मुखाजवळ होड्या बांधून ठेवतात. तिथून अक्को सरळ पाण्यातून साधारण सात सागरी मैल, म्हणजे १३ किलोमीटर. मुंबई-रेवस केलेल्या माणसाला हे काहीच नाही, असे मी मनात म्हटले.

होडीत शिरलो तर टेबलावर लॅपटॉप! मी म्हटले, अरे इथे तरी ऑफिस नको. तो हसला. "नाना, हा आपला नकाशा." बाळांनो, ही युक्ती ऐकण्यासारखी आहे. बोटींसाठी खास नकाशाची यंत्रे मिळतात, पण ती महाग. याने 'ओपनसीपीएन' नावाचा फुकटचा प्रोग्राम घातला, समुद्राचे नकाशे मात्र विकत घेतले, आणि आंबोळीएवढी एक चपटी काळी डबी वायरने जोडली. ती डबी जीपीएसची. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश ती ऐकते. निदान चार उपग्रह ऐकू आले की आपण कुठे आहोत ते गणित करून दर सेकंदाला कॉम्प्युटरला कळवते, आणि पडद्यावर आपली छोटीशी होडी नकाशावर सरकताना दिसते. कुठे किती पाणी, कुठे खडक, सगळे दिसते. शेजारून जाणाऱ्या मोठ्या जहाजांची नावेसुद्धा दिसतात, कारण ती जहाजे रेडिओवरून आपला ठावठिकाणा सांगत असतात. उन्हात मात्र पडदा दिसत नाही. मग डोक्यावर टॉवेल घेऊन त्यात डोकवायचे, सर्दीला वाफ घेतात तसे!

निघालो तेव्हा डावीकडे कार्मेल डोंगर, त्यावर स्टेला मारिसचे दीपगृह. त्याच्याच खाली पायथ्याशी एलियाहू हन्नाबीची गुहा. अलिबागजवळच्या खंडाळ्याचा तो खडक आठवला, घोड्याच्या टापांच्या खुणांचा. मी हात जोडले. नात म्हणाली, नाना, आपण तर अजून बंदरातच आहोत!

त्या दिवशी शराव होता. सकाळी बरे होते, पण खाडीच्या मध्यावर येईपर्यंत वाळवंटाची धूळ एवढी दाटली की अर्ध्या किलोमीटरपलीकडचे काही दिसेना. कार्मेल गेला, अक्को तर दिसतच नव्हते. नातू निर्धास्त. सुकाणू त्याने कॉम्प्युटरच्या हवाली केले होते.

आणि एकाएकी होडीचे तोंड फिरू लागले. डावीकडे वळत वळत ती चक्क आल्या वाटेने दक्षिणेला निघाली. नातू धावत आत गेला आणि ओरडला, "नाना, आपण बैरूतच्या विमानतळावर आहोत!"

मला वाटले उन्हाने डोके फिरले. पण खरेच, पडद्यावरची आमची होडी शंभराहून जास्त किलोमीटर उत्तरेला, धावपट्टीवर उभी होती. कॉम्प्युटरच्या हिशेबाने अक्को आता आमच्या दक्षिणेला, म्हणून तो बिचारा इमानदारीने तिकडे वळला. २०२३ च्या ऑक्टोबरपासून उत्तरेत हे असेच चालले होते. क्षेपणास्त्रे चुकावीत म्हणून खोटे संदेश सोडायचे, ते उपग्रहांच्या दुबळ्या आवाजापेक्षा मोठे असतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये शंभरावर जहाजे त्याच विमानतळावर 'उभी' दिसली होती. म्हणजे आमच्या आजूबाजूला नांगर टाकलेली मोठी जहाजे होती तीही पडद्यावरून गायब. हे मला जास्त भीतीचे वाटले. नातीला पुढे बसवले आणि सांगितले, काही दिसले, ऐकू आले की ओरड.

नातवाने सुकाणू हातात घेतले. त्याचा चेहरा उतरला होता. मी म्हटले, "अरे, माणूस चुकीचा दाखवतोय, पण नकाशा तर खरा आहे ना? आणि पाण्याची खोली सांगणारे यंत्र?" ते चालू होते. त्याला उपग्रह लागत नाही. अलिबागचे कोळी तांडेल दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडत, गोळ्याच्या बुडाला चरबी. किती हात पाणी ते दोरी सांगे, आणि चरबीला चिकटलेली रेती की चिखल त्यावरून तांडेल सांगे आपण कुठे आहोत ते. माझ्या मामांबरोबर जाताना हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मामा तेलाचा धंदा करीत, पण दोस्ती सगळी कोळीवाड्यात.

मग हिशेब मांडला. निघून पाऊण तास, ताशी पाच मैल, म्हणजे पावणेचार मैल आलो. (वेग सांगणारे चाक होडीच्या बुडाला पाण्यात फिरते, त्यालाही बैरूतशी देणेघेणे नाही.) होकायंत्रावर जरा पूर्वेला, किनाऱ्याकडे सरकलो. खोली अठरा, पंधरा, बारा... दहा मीटर झाली तसे उत्तरेला वळलो. नकाशावर दहा मीटरची रेषा किनाऱ्याला धरून अक्कोकडे जाते. ती धरायची. नऊ झाले की बाहेर, अकरा झाले की आत. नातू सुकाणूवर, मी आकडे वाचतोय, नात पुढे. कोणी बोलत नव्हते. एकदा एका जहाजाचा भोंगा वाजला, अगदी जवळ वाटला. जहाज काही दिसले नाही.

अर्धा-पाऊण तास असा गेला. मग नात ओरडली, "मिग्दाल! बुरूज!" बंदराच्या तोंडाशी पाण्यातला तो पडका माश्यांचा बुरूज, आणि मागे धुळीतून जझ्झार मशिदीचा हिरवा घुमट. मुलांना तिथेच सांगितले की १७९९ मध्ये नेपोलियनने या गावाला वेढा दिला, पण त्याच्या मोठ्या तोफा समुद्रमार्गे येत होत्या त्या इंग्रजांनी कार्मेलसमोर पकडल्या. हात हलवत परत गेला. नातवाचे लक्ष नव्हते, तो दोर बांधत होता. हात अजून थोडे थरथरत होते, माझेही.

धक्क्यावर बसून पुऱ्या खाल्ल्या. लॅपटॉप अजून बैरूतलाच. नात त्यात डोकावून म्हणाली, "नाना, आपलं विमान किती वाजता सुटतं?"

परतीला धूळ निवळली होती. संध्याकाळी स्टेला मारिसचा दिवा दिसला आणि तो धरून घरी आलो. सौ.ला विमानतळाचे काही सांगितले नव्हते. आता हे वाचून कळेल.